आभाळ आलं म्हणून धुरा पेटवायचा का? मार्चमधल्या वाऱ्यावर चर्चा

संत्रा_पट्टा
आमच्या काटोलकडे एक समज पक्का आहे. आभाळ आलं, हवा जरा नरमली की धुरा, म्हणजे वावराचा बांध, पेटवायला बरं. ऊन कमी, आग आटोक्यात राहते, आणि पाऊस आलाच तर आपोआप विझते. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. मार्चमधला असा बदलता दिवसच सगळ्यात वाईट. त्या दिवशी वावरात कुणीही काडी लावू नये.

गेल्या मार्चमध्ये काकांच्या शेजारच्या वावरात हेच झालं. दुपारी तीनपर्यंत पश्चिमेचा मंद वारा होता. शेजाऱ्यांनी पेटवलेला धुरा रस्त्याच्या बाजूनं जळत चालला होता, दोन माणसं निंबाच्या ओल्या डहाळ्या घेऊन उभी होती. साडेतीनला ढग काळे झाले आणि वावधन सुटलं. पाऊस नाही, नुसता वारा, तोही उलट्या दिशेचा. इतका वेळ आगीची जी कड शांत धुमसत होती, तिलाच तोंड फुटलं आणि ती काकांच्या गव्हाच्या काडात शिरली. तिथून कुटाराची (जनावरांच्या भुशाची) गंजी, मग ठिबकच्या नळ्या, मग आंबिया बहार धरलेली संत्र्याची अकरा झाडं. पाऊस पाच वाजता आला, दहा मिनिटं.

शेजारी निष्काळजी माणूस नाही. त्यानं आभाळ पाहूनच पेटवलं होतं, म्हणून हे लिहितो आहे.

काळी_कसदार
भाऊ, झाडं गेली याचं खरंच वाईट वाटलं. पण तुमचं म्हणणं पटत नाही. मग पेटवायचं कधी? रखरखत्या उन्हात?

आमचा हिंगण्याकडचा कोरडवाहू कापूस. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते आपण सगळ्यांनी भोगलं. पऱ्हाटीवरच्या, म्हणजे वेचणी झालेल्या कापसाच्या झाडांवरच्या, न उमललेल्या किडक्या बोंडांत अळी दडून राहते. पऱ्हाटी वावरात ठेवू नका, हे कृषी खातंही सांगतं आणि नागपुरातली केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही. बारीक करायची मशीन आमच्या गावात एक आहे, नंबर लागेपर्यंत एप्रिल उजाडतो. मजूर लावून उपटली तर ढीग धुऱ्यावरच पडतो. मग त्याला ढगाळ दिवशी काडी लावली तर काय चुकलं? खरा धोका मे महिन्याचा. 23 मे 2013 ला नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. त्या उन्हापुढे मार्च काय?

संत्रा_पट्टा
मे महिन्यात तुमच्या वावरात जळण्यासारखं काय असतं, सांगा. नांगरटी झालेली, भेगाळलेली काळी माती उघडी पडलेली. मार्चमध्ये कुणाचा गहू उभा, कुणाचा हरभरा खळ्यावर, आणि धुऱ्यावरचं गवत कमरेइतकं वाळलेलं. नुसता पारा चढला म्हणून वावर पेटत नाही.

फेटरी_रोड
दोघांच्याही वादात मूळ प्रश्न राहून जातो आहे. पेटवायचंच कशाला? वनविभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम धरतो, आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे पट्टे, म्हणजे जाळरेषा, काढतो. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्याच्या कलम 26 प्रमाणे गुन्हा आहे. जंगलाला लागून असलेल्या वावरांनाही या चार महिन्यांत सरसकट बंदी हवी. धुऱ्याची आग गोरेवाड्याच्या जंगलातल्या गवतात गेली तर ती तुमच्या दोन माणसांच्या डहाळ्यांनी विझणार नाही. आता तर उपग्रहावरून आग दिसते आणि वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश येतो. दंड लावायला अवघड काय आहे?

मोहाखाली
दादा, तो संदेश कधी येतो ते आम्ही देवलापारच्या बाजूला रोज पाहतो. ज्या उपग्रहांची नजर एवढी बारीक आहे, ते इथून साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला जातात. चार वाजता लागलेली आग रात्रीपर्यंत त्यांना दिसत नाही. तोवर धावतो गावच.

बंदीचंही सांगते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफूल पडतं. खाली पाचोळा असला तर फूल दिसत नाही, म्हणून बाया झाडाखालचा पाला जाळतात. ते चुकीचं आहे हे मी आमच्या बायांना तोंडावर सांगते. पण कागदावरच्या बंदीनं ते थांबलं नाही. झाडाखाली जुन्या साड्या, जाळ्या अंथरल्या तेव्हा कमी झालं, कारण फूलही स्वच्छ मिळालं आणि भावही बरा आला. कापूसवाल्यांनाही असं काही हातात द्या, मग बंदीचं बोला.

वाऱ्याची_दिशा
मूळ मुद्दा वाऱ्याचा होता, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मार्च-एप्रिलमध्ये विदर्भावर वायव्येची कोरडी हवा आणि बंगालच्या उपसागराकडून येणारी ओलसर हवा एकमेकींना भिडतात. दुपारच्या तापलेल्या जमिनीवर त्यातून ढग उभे राहतात. पण या दिवसांत ढगांचा तळ उंच असतो आणि खालची हवा कोरडी. ढगातून निघालेला पाऊस वाटेतच आटतो. आटताना हवा थंड आणि जड होते, ती धाडकन खाली येते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते. वावधन म्हणतो ते हेच. ते ढगाच्या पुढे कित्येक किलोमीटर धावतं. म्हणजे डोक्यावर ऊन असतानाही अंगावर येऊ शकतं, आणि दिशा कोणती असेल ते ढग कुठल्या बाजूला आहे त्यावर ठरतं.

दुसरं, काल पाऊस पडला म्हणून आज गवत ओलं, हाही भरवसा खोटा. जाड लाकूड ओल धरून ठेवतं, बारीक वाळलेलं गवत कोरड्या हवेत तासा-दोन तासांत पुन्हा पेटण्याजोगं होतं. सकाळी दवानं ओलं लागलेलं गवत दुपारी कुरकुरतं, हे वावरात जाणाऱ्याला सांगायला नको.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीपासून आपण आभाळ आलं की गहू कसा वाचवायचा, संत्र्याचं काय होईल, एवढंच बघतो. प्रादेशिक हवामान केंद्राचा पिवळा इशारा आला, त्यात सोसाट्याच्या वाऱ्याचा उल्लेख असला, तर तो आगीचाही इशारा समजायला हवा. हवामान खात्याच्या मेघदूत ॲपवर जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज मराठीत मिळतो.

काळी_कसदार
अंदाज दर वेळी खरा ठरतो का? ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतात, ते ठिकाण माझं वावर आहे की शेजारच्या गावाचं, ते कळत नाही. त्या भरवशावर मी आठ-आठ दिवस थांबलो तर उन्हाळवाही, म्हणजे उन्हाळ्यातली नांगरट, राहते.

तरी वाऱ्याच्या दिशेचं जे लिहिलं ते खरं आहे. माझ्याही डोळ्यांपुढे असं झालं आहे, फक्त त्या दिवशी पलीकडे नाला होता म्हणून निभावलं.

संत्रा_पट्टा
अंदाज चुकेल, कबूल. पण चुकला तर तुमचा एक दिवस जातो. आभाळ चुकलं तर शेजाऱ्याची गंजी जाते, आणि ती जनावरांच्या तोंडची असते.

फेटरी रोडवाल्या दादांची सरसकट बंदी मला पटत नाही. बंदी असली की माणूस लपून, घाईनं, संध्याकाळी एकटा पेटवतो. तशा आगीला मी जास्त भितो.

फेटरी_रोड
लपून पेटवतात म्हणून सूट द्यायची, हे मला अजूनही मान्य नाही. जंगलापासून लांब असलेल्या वावरांचं एक वेळ बोलू. जंगलाच्या कडेला नाही म्हणजे नाही.

काळी_कसदार
माझी पऱ्हाटी अजून पडून आहे, पाच एकरांची. धुऱ्यावरचा ढीग वावराच्या मधे ओढतो, भोवती नांगराच्या दोन सऱ्या मारतो, टँकर भरून उभा ठेवतो. दुपारी नाही, सकाळी सात ते नऊ, वारा पडलेला असताना. हे तरी चालेल का?

संत्रा_पट्टा
दोन नाही, चार सऱ्या मारा. आणि नऊनंतर निखारा राहू देऊ नका, राख उलथवून पाणी टाका, कारण वावधन दुपारी येतं. पेटवायच्या आदल्या रात्री इथे लिहा, मी अंदाज पाहून सांगतो. शेजारच्या वावरवाल्याला मात्र तुम्ही स्वतः जाऊन सांगा, फोनवर नको. त्याचा गहू निघाला की नाही ते पाहूनच दिवस ठरवा.