सल्ला हवा: निओप्लेटोनिझममध्ये वाईट कुठून येतं? एकच पुस्तक, बजेट ८००

सायली_वाचते: आमचा चौघांचा वाचनगट आहे. निओप्लेटोनिझमची, म्हणजे प्लेटोच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या पंथाची मंडळी म्हणतात सगळं 'एक'मधून, म्हणजे निव्वळ चांगल्यातूनच आलं. मग वाईट कुठून आलं? वर्षभर आईचं दुखणं बघतेय, 'वाईट म्हणजे नुसता अभाव' वाचलं की चिडचिड होते, म्हणून मुळातून वाचायचंय. आधी पंथाचा आद्य प्लोटायनस वाचू की नंतरचा प्रोक्लस? ग्रीक येत नाही.

जुनं_कपाट: प्लोटायनसचे एकत्रित निबंध, 'एनीअड्स', त्याचे लोएब मालिकेतले सातही खंड घ्या, आर्मस्ट्राँगचा अनुवाद, समोरच्या पानावर ग्रीक. मी चार वर्षं एकेक करत जमवले, हिरवी रांग कपाटात बघूनच बरं वाटतं. ८०० मध्ये काही होत नाही, थोडं थांबा पण हेच घ्या.

पायवाट: सायलीताई, प्रोक्लसच घ्या. प्लोटायनस सगळं खापर जडद्रव्यावर फोडतो, तेच मूळ वाईट म्हणतो. प्रोक्लस त्याला तिथेच धरतो, की जडद्रव्यही शेवटी चांगल्यातूनच आलं ना, मग ते वाईट कसं? त्याच्या मते वाईटाला एक असं कारणच नाही, ते बांडगुळासारखं, स्वतःची मुळं नाहीत, झाडाचाच रस ओढून जगतं. आणि एकाचं वाईट ते दुसऱ्याचं नसतं, सिंहाचा संताप हा सिंहाचा दोष नाही, माणसाचा आहे. तुमची चिडचिड 'नुसता अभाव' यावर असेल तर उत्तर इथे आहे, कारण त्या बांडगुळाला जोर असतो, फक्त तो चांगल्याकडून घेतलेला असतो. त्याच्या वाईटावरच्या ग्रंथाचा ऑप्सोमर आणि स्टील यांचा २००३ चा इंग्रजी अनुवाद बघा, 'On the Existence of Evils'.

दुपारची_झोप: स्वस्त रीप्रिंट चुकूनही घेऊ नका!! मी ४५० ला एनीअड्स मागवलं, स्कॅनच्या कडा कापलेल्या, प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द अर्धा, तिसऱ्या दिवशी पानं सुटली. परत घ्यायला तयार नाहीत.

मिलानची_बाग: ऑगस्टिन, तो ख्रिस्ती संत, वाचा, ३८६ मध्ये त्याने हेच प्रोक्लस वगैरे वाचून...

पायवाट: प्रोक्लसचा जन्म ४१२ चा आहे हो. ऑगस्टिनच्या हातात पडलं ते आधीच्यांचं, प्लोटायनस वगैरे. प्रोक्लसचं ज्याने उचललं तो डायोनिसियस हा ख्रिस्ती लेखक, त्याच्या 'दैवी नामे' ग्रंथाचं चौथं प्रकरण बघा.

मिलानची_बाग: बरं, पण ऑगस्टिन वाचाच.

कौलारू: प्रोक्लसच्या या ग्रंथाचं मूळ ग्रीक हरवलंय, हातात आहे ते मोर्बेकेच्या विल्यमचं १२८० चं लॅटिन भाषांतर. शब्दाला शब्द ठेवलाय, त्यामुळे वाक्यं अडकतात. नव्या गटाला जड जाईल. मी पण म्हणेन लोएब.

जुनं_कपाट: तेच तर म्हणतोय!

नदीकाठ: पैसे खर्चू नका. प्लोटायनसचा मॅकेनाने केलेला जुना इंग्रजी अनुवाद नेटवर फुकट आहे, पहिल्या एनीअडचा (नऊ निबंधांचा एक गट) वाईटावरचा आठवा निबंध तेवढा काढा.

सायली_वाचते: सगळ्यांचे आभार. पायवाटदादा, बांडगूळ डोक्यातून जात नाहीये. तरी आधी प्लोटायनसच, तो आठवा निबंध, चार प्रिंटआउट काढून आणल्या. प्लोटायनसचा शिष्य पॉर्फिरी, त्याने त्याचं चरित्र लिहिलंय ते काल चाळलं, त्यात हा निबंध अगदी शेवटच्या चारांतला आहे, शक्ती ओसरलेली असताना लिहिलेला. आजारी माणसाने जडद्रव्यालाच वाईट म्हणणं मला कळतं. प्रोक्लसने त्याला खोडलंय ते नंतर वाचीन, आधी त्याचं पूर्ण ऐकायचंय. आज रात्री आईच्या उशाशी बसून पहिली दोन पानं झाली.