‘कन्सिस्टंट’ला सुसंगत म्हणावं की आणखी काही?

निळीशाई
गेले दोन महिने रोज रात्री तासभर एका मुक्त ऑफिस-संचाच्या मदतपुस्तिकेचं मराठी करते आहे. काम स्वेच्छेचं आहे, पण मनापासून करते. काल लेखकांसाठीच्या नियमांमध्ये एक साधं वाक्य आलं: विरामचिन्हं आणि लेखनशैली संपूर्ण पुस्तिकेत ‘कन्सिस्टंट’ ठेवा. मी ‘सुसंगत ठेवा’ लिहिलं. तपासणाऱ्या काकांनी ते परत पाठवलं. कारण खरं आहे: ‘कम्पॅटिबल’साठी आम्ही आधीपासून ‘सुसंगत’ वापरतो. ‘ही फाइल जुन्या आवृत्तीशी सुसंगत नाही’ हा संदेश पडद्यावर कित्येक वर्षं दिसतो आहे. काकांनी सुचवलं, ‘सातत्य ठेवा’. मला ते पटत नाही. सातत्य म्हटलं की रोज पहाटे उठून रियाज करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘स्वल्पविरामात सातत्य ठेवा’ म्हणजे थांबू नका, देत राहा, असं वाटतं. एकसूत्रता, एकवाक्यता, एकरूपता यांतलं काय चालेल? की वेगळाच शब्द आहे?
टीपः परिभाषासूचीत नाम लागतं, त्यामुळे फक्त क्रियापदाने भागणार नाही.

पाटीपेन्सिल
सातत्य नकोच. ‘सतत’पासून आलेला शब्द आहे, तो काळाला चिकटलेला आहे. एकवाक्यता माणसांमध्ये होते. समितीत झाली किंवा झाली नाही असं आपण म्हणतो. मुळात हा मीमांसेतला, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रातला शब्द. सुटी सुटी वाक्यं मिळून एकच अर्थ सांगतात असं धरून वाचायचं, ती एकवाक्यता. विरामचिन्हांना तो कसा लावणार? एकसूत्रता बरा आहे, पण त्यात मण्यांची माळ दिसते. मणी वेगवेगळे असले तरी सूत्र एक असू शकतं. तुम्हाला तर मणीच सारखे हवे आहेत.

तळटीप
सुसंगत हा शब्द ‘कन्सिस्टंट’चाच आहे आणि तो परत मिळवला पाहिजे. पुरावा त्याच्या विरुद्धार्थी शब्दात आहे. दोन नोंदी जुळत नसतील तर आपण विसंगती म्हणतो, शाळकरी मुलालाही ते कळते. विसंगतीच्या उलट सुसंगती. ‘कम्पॅटिबल’साठी अनुरूप घ्या, नाहीतर सरळ ‘जुन्या आवृत्तीत चालणार नाही’ असे लिहा. आधी कोणीतरी घाईने चुकीच्या खुर्चीत बसवलेला शब्द म्हणून आपण त्याला कायम तिथेच बसू द्यायचे का?

निळीशाई
तळटीप, तुमचं म्हणणं मनाला पटतं. पण पडद्यावरचे संदेश माझ्या हातात नाहीत. मी पुस्तिकेत ‘अनुरूप’ लिहिलं आणि पडद्यावर ‘सुसंगत’ राहिलं, तर वाचक गोंधळेल. म्हणजे ज्या गुणाचं नाव शोधतो आहोत तोच मोडेल.

सांगलीकर
माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यांचा शब्द ‘मेळ’. १९६२ साली नवे लेखननियम आले, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण लेखकांचे हात लगेच बदलले नाहीत. एकाच लेखाच्या हस्तलिखितात वरच्या परिच्छेदात ‘पुढें’ आणि खालच्यात ‘पुढे’. वडील म्हणायचे, ‘मेळ बसेना’. मग केसच्या, म्हणजे खिळे ठेवायच्या पेटीच्या, कडेला एक चिठ्ठी चिकटवायचे, त्यावर त्या पुस्तकापुरतं काय ठरलं ते लिहिलेलं. ‘विरामचिन्हांचा मेळ राखा’ असं लिहून बघा. तोंडात बसतं.

रानजाई
दादा, चिठ्ठीची गोष्ट फार आवडली. पण मेळ दोन वेगळ्या गोष्टींचा बसतो. जमाखर्चाचा मेळ, सुरांचा मेळ. इथे एकच गोष्ट सगळीकडे तशीच हवी आहे. ‘एकसारखी ठेवा’ यात काय कमी आहे? माझी आई गणपतीत मोदक करताना ‘कळ्या एकसारख्या पाड’ म्हणते, तिला नाम लागत नाही.

मधलीसुट्टी
निळीशाईताई, विषयाला जरा फाटा फोडतो, राग मानू नका. तुमच्या पहिल्याच मजकुरात ‘टीपः’ आहे. ते अपूर्णविराम नाही, विसर्ग आहे. माझा एक मित्र पूर्ण दृष्टिहीन आहे, तो वाचक-आज्ञावलीवर मदतपुस्तिका ऐकतो. त्याला दर पानावर ‘टीपह’, ‘नावह’, ‘उदाहरणार्थह’ ऐकू येतं. सुरुवातीला त्याला वाटलं आवाजच बिघडलाय.

निळीशाई
अरे देवा. हे मला खरंच माहीत नव्हतं. आत्ता फाइल उघडून शोधलं, एकट्या माझ्या तीन प्रकरणांत चाळीसच्या वर निघाले. आणि गंमत बघा, तपासताना कोणाच्याच नजरेला आले नाहीत, कारण दिसायला तेच दोन ठिपके.

पाटीपेन्सिल
दोष तुमचा नाही, कळफलकाचा आहे. इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर, इंग्रजीत जिथे अपूर्णविराम असतो तिथे ‘छ’ बसवलेला आहे. अवतरणचिन्हांच्या कळीवर ‘ट’ आणि ‘ठ’. म्हणजे मराठीत लिहिता लिहिता अपूर्णविराम हवा असेल तर कळफलक बदलून इंग्रजीत जायचं आणि परत यायचं. विसर्ग मात्र हाताशी आहे. माणूस तो टाकून मोकळा होतो. उलटही घडतं: ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविराम. मग शोधल्यावर निम्मी दुःखं सापडत नाहीत. ‘ॲ’चंही तेच. एकसंध ‘ॲ’ युनिकोडात, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आला, त्याआधी आपण ‘अ’वर चंद्र चढवत होतो. दोन्ही दिसतात एक, पण ‘ॲप’ शोधलं तर जुन्या पद्धतीचं ‘अॅप’ मिळत नाही.

तळटीप
जुने मुद्रक यासाठीच अपूर्णविरामाआधी थोडी जागा सोडत, ‘टीप :’ अशी. विसर्ग अक्षराला चिकटतो, अपूर्णविराम सुटा राहतो. डोळ्याला फरक कळतो. ही पद्धत पुस्तिकेत आणावी असे माझे मत आहे.

चांदणवेल
मला एक मूलभूत प्रश्न पडतो. ही सगळी चिन्हं आपली आहेत का? मेजर कँडी या इंग्रज कोशकारांनी १८५० मध्ये विरामचिन्हांवर पुस्तिका काढली, तिथून ती मराठीत रुळली. त्याआधी दंड होता, ही उभी रेघ (।). ओव्यांमध्ये, अभंगांमध्ये अजून आहे. संगणकावर दंडाला स्वतंत्र जागा आहे, इन्स्क्रिप्टवर तो पूर्णविरामाच्याच कळीवर शिफ्ट दाबून मिळतो. मग गद्यात दंड का नको?

सांगलीकर
कारण तो हिंदीचा वाटतो. मी स्वतः हिंदी फाइलवरून मराठी केलेले भाग दुरुस्त केले आहेत. एका परिच्छेदात तीन पूर्णविराम आणि दोन दंड. आजोबा मोडी वाचायचे. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, ना शब्दांमध्ये जागा ना विरामचिन्हं. आपलंच म्हणायचं तर तेही आपलंच. म्हणून मदतपुस्तिका तशी छापायची का?

चांदणवेल
मी सगळं मागे न्या म्हणत नाही. पण ‘शैली’ हा शब्द तरी सोडा, त्यासाठी मोडीनेच शब्द दिलाय: वळण. चिटणिशी वळण, बिवलकरी वळण. लिहिणारे हात शंभर असले तरी कागदाचं वळण एक. ‘कन्सिस्टंट’ म्हणजे एकवळणी!

पाटीपेन्सिल
एकवळणी सुंदर आहे. पण घाटातल्या रस्त्यावरची पाटी वाटते.

रानजाई
मला मात्र विरामचिन्हांपेक्षा विभक्तीचा त्रास जास्त होतो. पडद्यावर मेनूचं नाव आहे ‘साधने’. पुस्तिकेत लिहायचं, त्या मेनूत जा. मराठीच्या सवयीने ‘साधनांमध्ये’ होतं. पण ‘साधनां’ असं पडद्यावर कुठेच नाही! सामान्यरूप झालं की नाव बदलतं. मग कोणी लिहितं ‘साधने’मध्ये, कोणी ‘साधने’-मध्ये, कोणी ‘साधने’ मध्ये. तिन्ही प्रकार मी एकाच पानावर पाहिलेत. इंग्रजीत हा प्रश्न उद्भवतच नाही, म्हणून इंग्रजी नियमावलीत त्याचं उत्तरही नाही. आपली वेगळी नियमावली हवी ती यासाठी.

निळीशाई
रानजाई, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. मी ‘साधने’ या मेनूत, ‘जतन करा’ या बटणावर, असं लिहायला लागले आहे. एक शब्द वाढतो, पण पडद्यावरचं नाव जसंच्या तसं राहतं. फाइलचं नाव आज्ञावली स्वतः भरते तिथे तर दुसरा उपायच नाही. आत काय येणार ते आधी कळत नाही, त्याचं सामान्यरूप कसं करणार? तिथे ‘अमुक ही फाइल’.

तळटीप
शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच लिहायचे. सुटे ‘मध्ये’ ही हिंदी ‘में’ची छाया आहे. ‘या मेनूत’ ही पळवाट आहे.

रानजाई
पळवाट नाही. वाचक एका हाताने पान धरून दुसऱ्या हाताने ते बटण शोधत असतो. त्याला अक्षरं जुळलेली दिसायला हवीत.

तळटीप
आणि भाषा वाकलेली दिसली तरी चालेल?

रानजाई
यात काहीही वाकलेलं नाही. ‘सिंहगड या किल्ल्यावर’ असं आपण म्हणतोच की.

मधलीसुट्टी
आणि त्या तीन टिंबांचं काय? ‘म्हणून जतन करा…’ यातली टिंबं शोभेची नाहीत. दाबल्यावर आणखी काही विचारलं जाणार आहे, अशी ती खूण आहे. मराठीत निम्म्या ठिकाणी गळून पडलेली असतात. अनुवादकाला वाटतं वाक्य अर्धवट आहे, म्हणून तो पुसून टाकतो. पुस्तिकेत बटणाचं नाव लिहिताना ती ठेवायची की नाहीत? ठेवली तर ‘‘म्हणून जतन करा…’ या बटणावर’ असं टिंबांनी अडखळणारं वाक्य होतं.

सांगलीकर
ठेवायची. वडिलांच्या चिठ्ठीवर असतं तर त्यांनी ठेवलीच असती.

पाटीपेन्सिल
मी काढेन. वाचकाला बटण ओळखता आलं की पुरे, खूण पडद्यावर आहेच.

निळीशाई
आमच्या गटात यावर मतं अर्धी अर्धी आहेत. मी आज फक्त विसर्ग काढले, सगळे. काकांना कळवलं तर ते म्हणाले, आधी त्या ‘कन्सिस्टंट’चं सांगा, सूची अडून राहिली आहे. सध्या तिथे रिकामी जागा आहे.

चांदणवेल
एकवळणी लिहा.

तळटीप
सुसंगत.