मुलांची अर्धशिशी रक्ततपासणीत सापडते का?

निवडुंग : 'मुलाचे डोके वारंवार दुखत असेल तर आधी ड जीवनसत्त्व, मॅग्नेशियम आणि होमोसिस्टीन तपासा, मूळ तिथेच सापडेल,' हा कालचा सल्ला वाचून राहवले नाही. अर्धशिशीचे निदान आजही लक्षणांवरूनच होते. १९९० मध्ये गोड्सबी आणि एडविन्सन या संशोधकांनी झटक्याच्या वेळी मानेच्या शिरेतील रक्तात सीजीआरपी (मज्जातंतूंतून सुटणारे, अर्धशिशीच्या वेदनेशी जोडलेले एक रसायन) वाढल्याचे दाखवले, हे खरे. पण ते काही मिनिटांतच विघटित होऊ लागते, मग दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी दिलेल्या नमुन्यात काय उरणार?

पहाटवारा : कालचा सल्ला माझाच होता. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीचे ड जीवनसत्त्व अवघे ११ निघाले, दर आठवड्याला पुडी सुरू केली आणि तीन महिन्यांत झटके थांबले. आईने डोळ्यांनी पाहिलेले खोटे आणि आपली शिर तेवढी खरी?

निवडुंग : लेक बरी झाली याचा आनंदच आहे, ताई. मात्र मुलांच्या अर्धशिशीवरील औषधांच्या २०१७ च्या 'चँप' चाचणीत ८ ते १७ वयाच्या मुलांना औषध नसलेली गोळी दिली, तरी ६१ टक्क्यांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले. अमिट्रिप्टिलीन हे खरे औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ५२ टक्के होते. तुमची पुडी याहून सरस ठरली, हे कशावरून म्हणायचे?

जुना_खोडकर : आमच्या नातवासाठी एका लॅबने ७२ चाचण्यांचे 'पॅकेज' गळ्यात मारले. त्याला अर्धशिशी आहे का, हे मात्र त्या कागदांत कुठेच नव्हते! एवढ्या चाचण्या केल्या की एखादा आकडा लाल निघतोच, आणि मग घरातले सगळे त्या आकड्याचीच शुश्रूषा करू लागतात.

पहाटवारा : काका, लॅबवरचा राग माझ्यावर का काढता? कमतरता आढळली तर भरून काढायची नाही का?

जुना_खोडकर : जरूर काढा, हाडांसाठी काढा. आमच्या डॉक्टरीणबाईंनी एकही चाचणी न करता दोन वाक्यांत निदान केले : मुलांचे डोके बहुधा दोन्ही बाजूंनी दुखते, आणि झटका दोन तासांतही ओसरू शकतो. आम्ही मात्र 'अर्धे दुखत नाही, म्हणजे अर्धशिशी नाही' म्हणत वर्ष घालवले होते.

पहाटवारा : बरे, जिंकलात दोघेही. आजपासून झटक्यांची वही ठेवते. पुड्या मात्र चालूच राहतील.

निवडुंग : तेवढी पातळी पुन्हा तपासून मगच चालू ठेवा. ड जीवनसत्त्व अति झाले की रक्तातले कॅल्शियम वाढते, मळमळ आणि उलट्या सुरू होतात, आणि आपण पुन्हा अर्धशिशीच समजून बसतो.