तीन महिने भेटताय आणि अजून ॲपवर आहात, तर समोरच्याला सांगायला नको का?

रानजाई
मैत्रिणीचं प्रकरण आहे, तिला विचारूनच लिहितेय. दोघं पुण्यातलेच, बंबल या डेटिंग ॲपवर ओळख झाली, गेले तीन महिने प्रत्येक शनिवार-रविवार सोबत, तिच्या वाढदिवसाला तो तिच्या बहिणीलाही भेटला, रोज रात्री "पोचलीस का" चा मेसेज. बाहेरून बघणारा कोणीही जोडपंच म्हणेल. परवा तिच्या रूममेटला ॲपवर त्याचं प्रोफाईल दिसलं आणि त्यात नवा फोटो होता, राजमाचीच्या ट्रेकचा, तिनेच काढलेला. तिने विचारलं तर म्हणे "आपण एक्सक्लुझिव आहोत, म्हणजे फक्त एकमेकांनाच भेटतोय, असं कधी बोललोच नव्हतो ना."
माझं म्हणणं, ही सरळ फसवणूक आहे. ती त्याच्याशिवाय कोणाला भेटत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि आपण अजून इतरांना भेटतोय हे त्याने लपवलं.

लोकलकर
वाईट वाटलं वाचून, पण फसवणूक म्हणणार नाही मी. फसवणूक कधी, तर तिने विचारलं आणि तो खोटं बोलला तेव्हा. इथे दोघांनीही विषय काढला नाही आणि दोघांनी आपापल्या सोयीचं गृहीत धरलं. लग्न ठरलेलं नाही, शब्द दिलेला नाही. ॲपवर सुरुवातीला दोनचार जणांशी बोलणं सगळेच करतात, त्यात लपवण्यासारखं काय आहे?
शिवाय प्रोफाईल दिसतंय म्हणजे माणूस वापरतोयच असं नाही, ॲप फोनवरून काढलं तरी अकाउंट डिलीट होत नाही आणि प्रोफाईल काही काळ लोकांना दिसत राहू शकतं. कित्येकांना हे माहीतच नसतं.

रानजाई
प्रोफाईल पडून राहिलं असतं तर मीही सोडून दिलं असतं. पण फोटो आपोआप चढत नाही. आणि लपवण्यासारखं काही नाही तर मग तीन महिन्यांत एकदाही तोंडातून का निघालं नाही? "तिने विचारलं नाही" हे मला पटतच नाही. विचारायला आधी शंका यावी लागते, आणि शंका येऊ नये असंच तर तो वागत होता. माहिती ज्याच्याकडे आहे त्याने सांगायचं, जिला पत्ताच नाही तिने ती खणून काढायची अपेक्षा कशी करता?

खडीसाखर
मी मुलगी आहे आणि तरी अर्धी लोकलकरच्या बाजूने. सुरुवातीच्या भेटींत मी मुद्दाम एकावरच भिस्त ठेवत नाही, कारण ठेवली की मग त्याचं न पटणारं वागणंही पोटात घालायला लागतं. पण हे मोकळेपणाने सांगायला गेलं की काय होतं ते मुलींना माहीत आहे. मुलगा म्हणाला "मी अजून एकदोघींना भेटतोय" तर तो प्रामाणिक, आणि तेच मी म्हटलं तर पुढचा मेसेज रात्री अकराला येतो आणि त्याचा सूर बदललेला असतो. तेव्हा पहिल्याच कॉफीला सगळं सांगा हा नियम मला मान्य नाही, तो मुलींनाच महागात पडतो. तीन महिन्यांनी मात्र काहीच सबब नाही.

निळी_छत्री
या बाबतीत कांदेपोहेच बरे असं मला खरंच वाटायला लागलंय. माझ्या लग्नाच्या वेळी समोरचे स्वच्छ सांगायचे, "अजून दोन स्थळं बघायची आहेत, पंधरा दिवसांत कळवतो." कोणाला राग यायचा नाही, कारण आपणही बघतच असायचो. आणि एकदा होकार कळवला की बाकीच्यांना त्याच दिवशी फोन जायचा. आताच्या पोरांकडे ती मधली पायरीच नाही, भेटणं कधी संपतं आणि नातं कधी सुरू होतं हे कोणी मोठ्याने बोलतच नाही.

लोकलकर
काका, कांदेपोह्यातही दुसरं स्थळ पक्कं झालं की "पत्रिका जुळत नाही" असंच कळवायचे. तो प्रामाणिकपणा होता?

निळी_छत्री
नव्हता. पण मुलीला निदान हे माहीत असायचं की आपण एकट्या नाही.

सदाफुली
एक बाजू कोणी काढली नाही म्हणून लिहिते, मी क्लिनिकमध्ये समुपदेशनाचं काम करते. बरीच जोडपी काही काळाने कंडोम वापरणं थांबवतात, आणि ते "आता आपण दोघंच" या समजुतीवर. ती समजूत एकाच बाजूची असेल तर दुसरीने होकार नेमका कशाला दिला? एचआयव्हीची प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची, म्हणजे संसर्ग लवकर पकडणारी टेस्टसुद्धा संसर्गानंतर साधारण ४५ दिवसांपर्यंत निगेटिव्ह येऊ शकते, म्हणजे जुना रिपोर्ट दाखवून मधल्या काळातल्या भेटी झाकल्या जात नाहीत. एचपीव्ही आणि हर्पिस या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूंपासून तर कंडोमनेही पूर्ण संरक्षण मिळत नाही, आणि पुरुषांसाठी एचपीव्हीची नेहमीची अशी तपासणीच नाही. त्यामुळे शरीरसंबंध आले की "विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही" हे चालूच शकत नाही, तिथे तो दुसऱ्याच्या तब्येतीचा प्रश्न आहे.

लोकलकर
हे मान्य, शंभर टक्के. शरीरसंबंध असतील तर सांगायलाच हवं, न विचारता. पण नुसतं भेटणं-बोलणं चालू आहे तिथे मी माझ्या मतावर ठाम आहे. तिसऱ्या-चौथ्या भेटीला "आपण नक्की काय आहोत" विचारलं की समोरचा दबावाखाली येतो आणि जे नीट उमललं असतं ते तिथेच खुंटतं. माणसाला ठरवायला वेळ लागतो, तो वेळ घेणं म्हणजे खोटेपणा नाही.

रानजाई
वेळ घ्या ना, कोण नाही म्हणतंय. मात्र तुम्ही वेळ घेताय हे तिला कळू दे, म्हणजे तीही तिचा वेळ कुठे घालवायचा ते ठरवेल. माझ्या मैत्रिणीने या तीन महिन्यांत घरून आलेली दोन चांगली स्थळं न बघताच नाकारली, आईशी भांडून. हे त्याला माहीत होतं, तिनेच सांगितलं होतं. तेव्हाही तो गप्प बसला. आता सांग, हे फक्त वेळ घेणं होतं?

लोकलकर
हे आधी लिहायला हवं होतंस. स्थळं नाकारल्याचं ऐकूनही गप्प बसला असेल तर मी त्याची बाजू घेत नाही. बाकीच्यांसाठी माझं मत तेच.

खडीसाखर
मी काय करते सांगते, ज्याला पटेल त्याने घ्या. पहिल्या दोन भेटींत काही नाही. पुढे भेटायचं ठरलं की मीच एका वाक्यात सांगते, "मी अजून एका जणाशी बोलतेय, तुझं काय चालू आहे?" प्रश्न विचारून मोकळी होत नाही, आधी आपलं सांगते. एकाने त्यानंतर रिप्लाय दिला नाही. दुसरा म्हणाला त्याचंही तसंच आहे, आणि पुढच्या महिन्यात आम्ही दोघांनी समोरासमोर बसून अकाउंट डिलीट केली.

लोकलकर
तिसऱ्याच भेटीला? मला अजूनही लवकर वाटतं.

रानजाई
मग तुझ्या मते कधी? आकडा सांग.