मॉडेल गेल्या, मोजपट्टी मात्र तीच राहिली

रानजाई

परवा कृष्णाकाठ यांनी येथे लिहिले की, डव्हने २००४ साली मॉडेलना बाजूला सारून साध्या स्त्रियांना फलकांवर आणले तेव्हा सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिराती प्रथमच माणसांत आल्या, आणि आपल्याकडील कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला तर मुलींचा न्यूनगंड निम्मा होईल. ते वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

रँकिन या छायाचित्रकाराने टिपलेल्या त्या स्त्रिया पांढऱ्या अंतर्वस्त्रांत मोकळेपणाने हसत उभ्या होत्या, हे खरे. परंतु त्या काय विकत होत्या? मांड्या आणि नितंबांवरील त्वचा घट्ट करणारे क्रीम. जे शरीर आहे तसे सुंदर आहे असे सांगायचे, तेच शरीर आवळून घेण्यासाठी बाटली पुढे करायची, आणि यालाच मुक्ती म्हणायचे, हे मला मान्य नाही. मॉडेलकडे पाहताना ‘तिचा तो धंदाच आहे’ असे म्हणून बाई सुटते; शेजारणीसारखी दिसणारी बाई फलकावर आली की ती पळवाटही बंद होते. जर्मनीतील ‘ब्रिगिटे’ या महिला मासिकाने २०१० पासून व्यावसायिक मॉडेल बंद करून नोकरी-व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे छापली आणि २०१२ मध्ये तो प्रयोग थांबवला. त्या वेळी वाचकांकडून आलेली तक्रार हीच होती, की चांगली नोकरी करणाऱ्या बाईने आता फॅशनच्या पानावरही शोभून दिसले पाहिजे, हे नवे दडपण आले.

कृष्णाकाठ

रानजाई, आपण एका क्रीमवरून संपूर्ण मोहीम निकालात काढलीत. नव्वदी ओलांडलेल्या आजींचा सुरकुतलेला चेहरा त्याच मोहिमेत भर रस्त्यावर झळकला, त्याचा आपण उल्लेखही केला नाही. डव्हच्याच २००६ सालच्या ‘इव्होल्युशन’ या लघुपटात एका साध्या चेहऱ्यावर आधी रंगरंगोटी होते, मग संगणकावर मान लांबवली जाते, डोळे मोठे केले जातात आणि शेवटी तो चेहरा फलकावर चढतो. या लुच्चेगिरीवर लेख पुष्कळ लिहिले गेले होते. पण ती डोळ्यांदेखत घडताना सर्वसामान्य प्रेक्षकाला दाखवली ती एका जाहिरातीने.

माझ्या पुतणीच्या गालावर जन्मखूण आहे. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांत तिला काय ऐकावे लागले ते मी येथे लिहिणार नाही. २०२१ मध्ये डव्हनेच भारतात लग्नाच्या बाजारातील या पारखणीविरुद्ध जाहिरात केली. तीत वजनावरून, रंगावरून, चेहऱ्यावरील डागावरून नाकारल्या गेलेल्या मुली होत्या. ती पाहिल्यानंतर माझ्या वहिनींनी स्थळ पाहायला येणाऱ्यांना फोनवरच सांगायला सुरुवात केली की मुलीच्या दिसण्यावर बोलायचे असेल तर येऊ नका. आपल्या युक्तिवादाने कोणत्या आईला एवढे बळ दिले आहे, ते सांगावे.

मधुमालती

कृष्णाकाठ, आपल्या वहिनींचे धैर्य त्यांचे स्वतःचे आहे. ते कंपनीच्या खात्यावर जमा करू नका. १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ विकून गोरेपणाचे वेड ज्यांनी घरोघरी पोसले, त्याच कंपनीचा हा साबण आहे. २०२० मध्ये ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आले, एवढाच काय तो बदल.

मला मात्र दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायचे आहे, कारण दोघांनीही तिला स्पर्श केलेला नाही. अंधेरीत जाहिरातींच्या कास्टिंगमध्ये मी काही वर्षे काम केले आहे. मॉडेलच्या करारात छायाचित्र किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि कोणकोणत्या माध्यमांत वापरायचे ते लिहिलेले असते. मुदत वाढवली की पैसे वाढतात. ‘साधी बाई’ आणली की तिच्यापुढे एकपानी संमतीपत्र ठेवले जाते, ज्यात काळाची मर्यादा नसते. एका केशतेलाच्या जाहिरातीसाठी आम्ही एक शिक्षिका निवडली होती. तिला मिळाली ती उत्पादनांची पेटी आणि येण्याजाण्याचे भाडे, आणि तिचा चेहरा पुढे कित्येक वर्षे पुड्यांवर राहिला. स्वस्तात मिळते म्हणून साधेपणाचे कौतुक होते, हे मी आतून पाहिले आहे.

सरळरेघ

मधुमालतीताईंनी विषय काढलाच आहे तर मीही बोलतो. माझी धाकटी बहीण मॉडेल होती. येथे तिच्या व्यवसायाविषयी ज्या सहजपणे ‘कृत्रिम’, ‘अवास्तव’ असे शब्द वापरले जातात, त्यांची मला चीड येते. सोलापूरहून मुंबईला आलेली ती मुलगी काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरला कमिशन देऊन, महिनोन्महिने थकलेल्या पैशांसाठी फोन करून आपले घर चालवत होती. ती ‘खरी बाई’ नव्हती का? तिला हटवून जागी फुकट येणारी बाई बसवायची आणि त्याला स्त्रीचा सन्मान म्हणायचे, हा दोघींवरही अन्याय आहे.

कृष्णाकाठ

सरळरेघ, आपल्या बहिणीचा अपमान कोणीही केलेला नाही, आणि तो माझ्या तोंडी घालण्याचा आपल्याला अधिकार नाही. मॉडेलना उपाशी ठेवा असे मी कोठे लिहिले? मोबदल्याचा प्रश्न खरा आहे, हे मी मान्य करतो. परंतु तो फसवणुकीचा प्रश्न आहे, चेहऱ्याचा नाही. रानजाईंनी ज्या ‘ब्रिगिटे’चा दाखला दिला, तिने साध्या स्त्रियांना मॉडेलइतकेच पैसे देण्याचे जाहीर केले होते. मग दोष साधेपणाचा कसा?

रानजाई

तो दाखला आपण माझ्यावर उलटवलात, ठीक आहे. पैशांपुरता तो आपल्या बाजूने जातो. पण समान पैसे देऊनही दडपण कमी झाले नाही, हेही त्याच प्रयोगाने दाखवले, आणि माझा मुद्दा तोच होता. फ्रान्सने २०१७ पासून फेरफार करून बारीक किंवा जाड दाखवलेल्या मॉडेलच्या जाहिरातीतील छायाचित्रावर तशी सूचना छापणे बंधनकारक केले. मला अशा नियमाचा अधिक भरवसा वाटतो, कारण तो कंपनीच्या सद्भावनेवर अवलंबून नाही. फलकावर मॉडेल असो वा शिक्षिका, त्वचेत काही उणे आहे हे पटवल्याशिवाय क्रीम खपत नाही.

मधुमालती

सूचना छापा, माझी हरकत नाही. परंतु त्या शिक्षिकेला सूचनेचा काय उपयोग? तिचे छायाचित्र कोणी बदललेच नव्हते. आपण तिच्या मनावरील दडपणाविषयी इतके लिहिलेत. तिच्या संमतीपत्रात मुदत आणि रक्कम असावी, असे एक वाक्य तरी लिहा.

रानजाई

असावी. मॉडेलच्या करारात असते तशीच, आणि मुदत संपताच पुडीवरून चेहरा उतरवण्याच्या अटीसह.