टर्निपचा कंदील (हॅलोविन, आयर्लंड): कोरायचा कसा, आणि तो नेमका कशासाठी असायचा?

ओवी_कॉर्क

मुलीच्या शाळेत यंदा हॅलोविनसाठी भोपळा नको, जुन्या पद्धतीचा टर्निपचा (सलगमासारख्या कंदाचा) कंदील करून आणा असं सांगितलंय. सव्वा किलोचा टर्निप आणलाय. सुरी आत शिरत नाही आणि चमचा वाकतोय. भोपळा कोरायचे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण टर्निपच्या व्हिडिओत थेट तयार चेहराच दाखवतात, मधलं कष्टाचं काम कुणी दाखवत नाही.

आतून पोखरायचा कसा? किती दिवस आधी करून ठेवता येतो? आणि लेकीचा प्रश्न: हा कंदील भुतांना पळवायला की बोलवायला? तिला उगाच काहीतरी ठोकून द्यायचं नाहीये.

पटाशी

ओवीताई, आधी कंद कोणता आणलाय ते बघा. जांभळी साल आणि आतून पिवळा, दुकानात कधी 'स्वीड' नावानेही मिळतो, तो हवा. पांढरा छोटा सलगम असेल तर भाजी करून टाका, त्यात दिवा मावणार नाही. सव्वा किलो हे माप उत्तम.

भोपळा आतून पोकळच असतो, आपण फक्त बिया काढतो. हा आरपार भरीव आहे, त्यामुळे चमच्याने सुरुवात केली की चमचा वाकणारच. आधी भोकं पाडायची.

बुडाचा पातळ काप काढून कंद ठाम बसवा. डुगडुगत्या कंदावर सुरी सटकते आणि बहुतेक वेळा बोटं तिथेच कापतात. वरून दोन-अडीच सेंटीमीटरचं टोपण आडवं कापा. कापलेल्या तोंडावर कडेपासून दीड सेंटीमीटर आत एक गोल आखा. ड्रिलला १० मिमीचं बिट लावून (घरात गिरमिट असेल तर तेही चालेल) त्या गोलाच्या आत जवळजवळ भोकं पाडा, पाच-सहा सेंटीमीटर खोल. बिटवर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे बूड फुटणार नाही. कंद ओल्या फडक्यावर ठेवून शिकंज्यात किंवा दोन लाकडांच्या मध्ये घट्ट धरा. नुसत्या हातात धरून ड्रिल चालवू नका.

भोकांची चाळण झाली की मधल्या भिंती जाड स्टीलच्या चमच्याने किंवा बोथट पटाशीने सहज मोडतात. आइस्क्रीमचा स्कूप असेल तर शेवटचं खरवडायला तो सगळ्यात बरा. भिंत सगळीकडे एक सेंटीमीटर ठेवा, पण चेहऱ्यामागची बाजू आणखी खरवडून सहा-सात मिमीवर आणा. मग उजेड नुसत्या डोळ्या-तोंडातून न येता गरातूनही झिरपतो. पिवळट मांसल दिसतं ते, भोपळ्याला तो रंग येत नाही.

चेहरा पेनाने काढू नका, शाई ओल्या सालीवर पसरते. सुरीच्या टोकाने नुसतं ओरखडा, जांभळ्या सालीत फिकट रेघ स्वच्छ दिसते. कापताना पातं आतल्या बाजूला तिरपं ठेवा, म्हणजे भोक आतून रुंद राहील आणि उजेड अडणार नाही. दात आठ मिमीपेक्षा बारीक ठेवलेत तर वाळल्यावर गळतात.

मऊ व्हावा म्हणून उकडायचा किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा सल्ला मिळेल. ऐकू नका. भिंत लिबलिबीत होते आणि चेहऱ्याची कड फाटते.

सांजवात

पटाशींनी दिव्याचं सांगायचं राहिलं. नेहमीची टीलाइट (पत्र्याच्या वाटीतली छोटी मेणबत्ती) ३८ मिमी रुंद असते, म्हणून पोकळी निदान सहा-साडेसहा सेंटीमीटर रुंद हवी. त्याहून अरुंद झाली तर भिंत शिजते. टर्निप मोहरी-कोबीच्या कुळातला, तापला की उकडलेल्या कोबीसारखा गंधकाचा वास सोडतो. बंद खोलीत अर्ध्या तासात नको होतं.

टोपण बसवणार असाल तर त्यात दीड सेंटीमीटरचं धुराडं पाडाच. नाहीतर ज्योत गुदमरून विझते, किंवा टोपणाची खालची बाजू करपून काजळी धरते.

टोपण तसंही न ठेवलेलं बरं, असं माझं मत. मुलीला हातात धरून फिरायचं असेल तर कडेखाली दोन सेंटीमीटरवर समोरासमोर दोन भोकं पाडून तार ओवा. सुतळी ज्योतीवर येते. आणि फिरवायच्या कंदिलात जिवंत ज्योत नकोच, बॅटरीचा दिवा ठेवा. हॅलोविनचे झगे नायलॉन-पॉलिएस्टरचे, झोळदार असतात, एका क्षणात पेट घेतात.

किती दिवस आधी? दोन दिवस. भोपळा चार-पाच दिवसांत बसतो, त्याला पाणी सुटतं. टर्निप उलट आक्रसतो, तोंड सुरकुततं, डोळे खोल जातात. जास्त भेसूर व्हायला हवा असेल तर चार दिवस आधी करा आणि वाऱ्यावर, कोरड्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलात तर आतून बुरशी. फारच वाळला तर तासभर गार पाण्यात बुडवा, बराचसा परत फुगतो.

गावकूस

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण नेटवर यावर फार ठोकाठोकी आहे.

सावन (Samhain लिहितात, उच्चार साधारण असाच) हा जुन्या आयरिश वर्षातला उन्हाळा संपून हिवाळा सुरू व्हायचा सण. ३१ ऑक्टोबरच्या सूर्यास्तापासून सुरू. त्या रात्री या जगातलं आणि 'ईस शी' म्हणजे टेकड्यांखाली राहणाऱ्या लोकांच्या जगातलं दार उघडं असतं, ही समजूत. रॉसकॉमन परगण्यात रथक्रोहनजवळ ऊनागॅट नावाची गुहा आहे, जुन्या कथांमध्ये तिथूनच या रात्री भयंकर प्राणी बाहेर पडतात. मीथ परगण्यातली ट्लाख्टगा टेकडीही याच सणाशी जोडलेली. इथवर जुन्या हस्तलिखितांचा आधार आहे.

पण 'दोन हजार वर्षांपूर्वी केल्ट लोक टर्निप कोरायचे' असं जे छापतात त्याला आधार नाही. चेहऱ्याच्या कंदिलांचे भरवशाचे उल्लेख अलीकडच्या शतकांतले आहेत. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकून वह्या भरल्या, त्या आता 'दूखस' या आयरिश लोकपरंपरेच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. हॅलोविनच्या पानांवर टर्निपला डोळे-तोंड पाडून आत मेणबत्ती लावायची आणि तो कुंपणावर किंवा फाटकाच्या खांबावर ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्यांना घाबरवायचं, हे पुन्हा पुन्हा येतं. म्हणजे घाबरायची ती बरेचदा जिवंत माणसं. तुमच्या मुलीला तिच्याच परगण्याचं पान काढून दाखवा, कॉर्कच्या वह्या भरपूर आहेत.

जॅकची गोष्टही सांगा: सैतानाला फसवणारा कंजूष जॅक मेला, स्वर्गात घेत नाहीत, नरकातही नाहीत. सैतानाने दिलेला एक निखारा पोखरलेल्या टर्निपमध्ये घालून तो कायमचा भटकतोय. दलदलीवर रात्री दिसणाऱ्या भुलव्या उजेडाशी ही गोष्ट जोडतात. आपल्या कोकणातला चकवा वाट चुकवतो तसंच काम. दलदलीतला पेटणारा वायू, म्हणजे मिथेन, अलेस्सांद्रो व्होल्टाने १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराच्या गाळातून गोळा केला. मात्र मिथेन आपोआप पेटत नाही, म्हणून त्या उजेडाची ठिणगी कशाची यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

जमलं तर मेयोमध्ये कॅसलबारजवळच्या टर्लो पार्कला जा. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगालमधल्या फिनटाउनच्या कंदिलाचा प्लास्टरचा साचा आहे. मूळ कंद १९४३ मध्ये एका शिक्षिकेने दिला होता. आक्रसलेला चेहरा, वेडेवाकडे दात. कोरायच्या आधी त्याचा फोटो समोर ठेवा, भोपळ्याचं गुळगुळीत हसू आपोआप डोक्यातून जाईल.

ओवी_कॉर्क

ड्रिलने वीस मिनिटांत पोकळ झाला! सगळ्यांचे मनापासून आभार. आता दोन शेवटचे: निघालेल्या गराचं काय करू, आणि बार्मब्रॅक (हॅलोविनला करतात तो मनुका-बेदाण्यांचा आयरिश ब्रेड) घरी करायचा तर त्यात अंगठी कशी घालतात?

पटाशी

गर किसून थालीपीठाच्या पिठात घाला, किंवा गाजराबरोबर उकडून लोणी-मिरपूड घालून घोटा, इथली पद्धत तीच. फक्त दिवा लावायच्या आधी काढलेलाच गर खा.

सांजवात

ब्रॅक: मनुका-बेदाणे मिळून ३७५ ग्रॅम, ३०० मिली गार, कडक, बिनदुधाच्या चहात रात्रभर भिजवा. सकाळी १२५ ग्रॅम ब्राउन शुगर, एक फेटलेलं अंडं, २२५ ग्रॅम सेल्फ रेझिंग (बेकिंग पावडर मिसळलेला) मैदा, एक चमचा मिक्स्ड स्पाइस. आधी चहा बघा. तळाशी तो मोकळा साचून राहिला असेल तर दोन-तीन चमचे काढून टाका, नाहीतर पीठ सैल होऊन फळं तळाला बसतात. लोफच्या टिनमध्ये १७० अंशांवर सव्वा तास. चाळीस मिनिटांनी वरून फॉइल झाका, वरचा भाग लवकर काळवंडतो आणि मधे कच्चा राहतो.

जुन्या रिवाजात अंगठी म्हणजे लग्न, नाणं म्हणजे पैसा, चिंधी म्हणजे गरिबी, वाटाणा म्हणजे यंदा लग्न नाही. घरी फक्त अंगठी घाला: खड्याशिवायची, उकळून घेतलेली, बटर पेपरच्या मोठ्या तुकड्यात गुंडाळलेली. कच्च्या पिठात घातली तर कापेपर्यंत कुठे आहे ते कळत नाही. भाजून गार झाल्यावर बुडाला चीर देऊन आत सरकवा. आणि पहिला काप वाढायच्या आधी टेबलावरच्या सगळ्यांना सांगा की आत अंगठी आहे. अगदी लहान मुलांचे काप आधी मोडून बघा.