मदत हवी आहे: यीस्टमधल्या डीएनए दुरुस्तीचा प्रयोग

नमस्कार मंडळी. माटुंग्याच्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या मुलांसाठी बेकर्स यीस्टवर छोटा प्रकल्प बसवतेय. साधी स्ट्रेन आणि रॅड५२ जनुक काढलेली स्ट्रेन, दोन्हींवर अतिनील किरण टाकून वसाहती मोजायच्या, असा बेत आहे.

अडचण अशी: अतिनील किरणांनी झालेली इजा पेशी मुख्यतः खराब तुकडा कापून, नवा भरून दुरुस्त करते. ते काम रॅड१, रॅड१४ वगैरे प्रथिनांचं. रॅड५२ची खरी गरज डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यावर लागते: ते रॅड५१ या दुसऱ्या दुरुस्ती-प्रथिनाला धाग्यावर बसवतं आणि शाबूत प्रतीवरून तुटका भाग पुन्हा लिहिला जातो. माणसात हे काम बीआरसीए२ (स्तनाच्या कर्करोगाशी जोडलं गेलेलं) करतं, म्हणून हा विषय मुलांपर्यंत पोचावा असं फार वाटतं. म्हणजे नुसत्या अतिनील किरणांनी फरक ठळक दिसणार नाही.

डीएनएला इजा करणारं एमएमएस हे रसायन कर्करोगकारक, ते मुलांच्या हाती द्यायचं नाही. मग डीएनएचे दोन्ही धागे तोडणारं झिओसिन हे प्रतिजैविक किती मात्रेत वापरावं? आणि ट्रॉम्बे, कुलाबा किंवा खारघरच्या प्रयोगशाळांत कोणी असाल तर सांगा: कॉलेजांना गॅमा किरणांची (तेही दोन्ही धागे तोडतात) सोय मिळते का, अर्ज कुणाकडे करायचा?